आंदणाची बदकं

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, तोरण्याच्या पायथ्याशी एक वाडी आहे. त्या वाडीत फुलाबाईच्या कोंबड्या पाहायला लोक येत. विकत घ्यायला नव्हे, नुसत्या पाहायला. कुणाकडे पाहुणा आला आणि बोलणं सरलं की त्याला फुलाबाईच्या अंगणात आणून उभा करत. फुलाबाई कोंबडी हातात घेई, जरा चाचपी आणि सांगून टाकी: ही अंड्याला चांगली, ही आपलंच अंडं फोडून खाईल, ही एकदा खुडूक बसली की उठायचं नाव घेणार नाही. आणि होईही तसंच. त्यामुळे बाईचा आपल्या हातावर फार विश्वास होता आणि डोळ्यावर त्याहून जास्त. असू दे की विश्वास. पण पंख असलेलं जे काही आहे ते सगळं आपल्यालाच कळतं, असं एकदा वाटायला लागलं की माणसाला सांगणार कोण? तिचा नवरा रखमाजी तर सांगत नसे. शहाणा माणूस होता तो.

फुलाबाईला एकच लेक, भामा. दिसायला नीटस, कामाला चपळ, पण आवाज असा की गोठ्यातून हाक मारली तर पलीकडच्या टेपाडावर गुरं राखणारा वळून बघे. मनात आलं की बोलणार, आणि बोलली की वाडीला कळणार. "हळू बोल गं, लोक ऐकत्यात," हे फुलाबाई दिवसातून इतक्यांदा म्हणे की घरातल्या मांजरालाही ते पाठ झालं असावं.

भामाचं लग्न ठरलं ते भोरच्या अलीकडच्या एका गावात, भाटघरच्या धरणाचा फुगवटा जिथवर येतो त्या काठावर. धरण भरून चारपाच वर्षं झाली होती. मुलगा गेनू, स्वभावानं गरीब. त्याची आई रतनबाई मात्र गरीब नव्हती, कुठल्याच अर्थानं. सुपारी फोडायला सगळे जमले तेव्हा तिनं फुलाबाईच्या गोठ्याकडे बघत सहज विचारल्यासारखं केलं, "आंदणात गाय देताय न्हवं?"

गोठ्यात गाय होती एकच. मोरी. तिच्या दुधावर घरातलं ताक, तूप आणि आल्यागेल्याचा पाहुणचार चालायचा. रखमाजीनं घसा खाकरला. फुलाबाईनं पदर सावरला.

"विहीणबाई, तुमच्या गावाची गवताची समदी रानं पाण्याखाली गेली. गाय काय पाण्यावर चरंल? कोंबड्या म्हणाल तर त्याबी दमट हवेनं तुमच्याकडं टिकत न्हाईत, ह्ये तुमीच मगाशी सांगितलंत. पाण्याकाठी पाण्याचं जनावर पायजे. म्या बदकं देते."

"बदकं?" रतनबाई म्हणाली. "ती काय करत्यात?"

"अंडी देत्यात. खाचरातलं खेकडं खात्यात, बांध राखत्यात. दिवाळीपत्तूर अंड्यांनी टोपली भरली न्हाई, तर मोरी म्या सोता आणून तुमच्या दावणीला बांधीन."

चार लोकांत बोललेला शब्द तो. खरं सांगायचं तर फुलाबाईनं जन्मात बदकं दोनदा पाहिली होती, तीही लांबून. पण तिच्या बोलण्यात असा ठामपणा होता की रतनबाईनं मान हलवली. भामानं आतून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि आईची नजर पाहून मिटलं.

लग्न लागलं. पाठवणीच्या आधी मायलेकी नसरापूरच्या बाजाराला गेल्या. तिथं बयाबाई नावाची भोयाची बाई बसायची, भामाच्या सासरच्याच फुगवट्याच्या काठावर राहणारी. मासळीच्या पाटीशेजारी जाळ्याखाली तिनं त्या सालची बदकं झाकून ठेवली होती. सगळी तीनेक महिन्यांची, सगळी करड्या-तपकिरी ठिपक्यांची. रंगावरून एकही वेगळं काढता येईना.

फुलाबाईनं ठाण मांडलं. एकेक बदक हातात घेतलं. डोळा स्वच्छ आहे का, नाकपुडी कोरडी आहे का, छातीचं हाड सरळ आहे का, पायाचा पडदा फाटलेला नाही ना, सगळं पाहिलं. मग प्रत्येकाला जमिनीवर सोडून चालवलं. जे फेंगडं चाललं ते बाजूला, ज्याच्या पाठीला बाक होता तेही बाजूला. एकाची शेपूट वाकडी होती. "ह्याची पोरंबी वाकडीच निपजतील," म्हणाली आणि तेही सारलं. बयाबाई थक्क होऊन बघत राहिली. आपल्या मालाची इतकी कसून तपासणी करणारं गिऱ्हाईक तिला कधी भेटलं नव्हतं.

आता नर-मादीचा प्रश्न आला. पिल्लं कोवळी, अजून अंड्यावर आली नव्हती, तेव्हा शेपटीखालच्या हाडांत बोटं घालून कळायची सोय नव्हती. बयाबाई सांगू लागली, "अक्का, ह्येंच्यात आवाजावरनं वळखायचं. जी वरडती ना, ती—"

"ऱ्हाऊ द्या," फुलाबाई म्हणाली. "नर कोन आन मादी कोन ह्ये मला सांगणारी अजून जल्माला यायचीय."

तिनं एक बदक उचललं. त्यानं बाजार डोक्यावर घेतला. क्वाक, क्वाक, क्वाक. "ह्यो नर," फुलाबाईनं निकाल दिला. आरवतो तो कोंबडा, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत. दुसरं उचललं तर ते नुसतं घसा बसल्यासारखं खसखसलं आणि गप्प राहिलं. फुलाबाईला ते फार आवडलं. "बघ, कशी शांत हाय. अशाच अंड्याला चांगल्या. बडबडी कोंबडी नुसती बोंबलती, टोपलीत काय पडत न्हाई." असं करत तिनं पाच गप्प बदकं निवडली आणि त्यांच्यावर एक ओरडणारं.

"आये, मावशी काय म्हणत्यात ते तर ऐक—" भामा म्हणाली, तिच्या नेहमीच्या आवाजात. दोन दुकानं सोडून बसलेल्या माणसानं मान वळवली.

"तू गप. लोक ऐकत्यात."

बयाबाईनं हात जोडले. "अक्का, मागनं बोल लावू नका म्हंजे झालं. आन एवढं तरी ऐका, पायाला धरून उचलू नका. पाय लई नाजूक असत्यात ह्येंचं. पंखांवरनं हात घालून धरा." एवढं मात्र फुलाबाईनं ऐकलं. त्यात तिच्या अकलेला धक्का लागत नव्हता.

पाठवणीच्या वेळी तिनं लेकीच्या कानात सांगितलं, "सासरी तोंड उघडायचं न्हाई. इचारलं तर बोलायचं, न्हाई तर मान हलवायची. तुझा आवाज हितंच ठिवून जा." भामानं मान हलवली. टोपलीतलं ओरडणारं बदक गाडी वळणाआड जाईपर्यंत ओरडत होतं.

पावसाळा लागला. पंचमीला भामा माहेरी आली आणि फुलाबाईला धन्य वाटलं. पोरगी किती बदलली होती. विचारलं तर व्हय, न्हाई तर न्हाई. झोक्यावर बाकीच्या पोरी गाणी म्हणत होत्या, ही खांबाला टेकून बघत होती.

"बदकं कशी हाईत?"

"हाईत."

"अंगानं भरली का?"

"व्हय."

"सासू बरी वागती न्हवं?"

भामानं मान हलवली. रखमाजी कोपऱ्यात दोरी वळत होता. तो म्हणाला, "पोरीला बरं न्हाई का?"

"बरं नसायला काय झालंय? वळण लागलंय तिला," फुलाबाई म्हणाली आणि लेकीच्या पानावर पुरणाचं आणखी एक दिंड वाढलं. भामानं ते मुकाट्यानं खाल्लं. जाताना तिनं एकदा मागं वळून आईकडे असं पाहिलं की जणू काही राहून गेलंय. फुलाबाईला वाटलं, माहेर सोडताना पोरी पाहतातच तसं.

गौरी-गणपती होऊन गेले. वेल्ह्याच्या बाजारात सुकट विकायला सोनबा यायचा, रतनबाईच्या गावचा. फुलाबाईला बघून त्यानं लांबूनच हात वर केला आणि आजूबाजूच्या बायाबापड्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "रतनबाईचा निरोप हाय. म्हणाल्या, तुमचा नर रोज एक अंडं घालतोय. बाकीच्या पाच जणी नुसत्या खात्यात आन नटत्यात. असला नर डोंगरात कुठं मिळतो तेवढं इचारून ये म्हणाल्या. आन मोरीला न्यायला कवा येऊ, त्येबी."

बाजार हसला. जी बाई वर्षानुवर्षं लोकांच्या कोंबड्यांना नावं ठेवत आली, तिच्यावर हसायची संधी कोण सोडतो? मीठवाला हसला, कासार हसला, ज्यांना काही कळलं नव्हतं तेही हसले. फुलाबाईनं सुकट मापून घेतली, पदरात बांधली आणि म्हणाली, "सांगा, उद्या येते म्हणावं."

घरी आल्यावर रखमाजीनं विचारलं, "मोरीला सोबत घ्यायची का?"

"मोरी जागची हलायची न्हाई," फुलाबाई म्हणाली. पण त्या सांजेला धार काढताना तिनं मोरीच्या पाठीवरून जरा जास्तच वेळ हात फिरवला.

रतनबाईच्या अंगणात पाऊल टाकलं आणि फुलाबाईला जे कळायचं ते एका नजरेत कळलं. डोळा तयार होताच तिचा, फक्त तीन महिने उशिरा उघडला होता. पाच गप्प बदकांच्या मानेवर मोरासारखी हिरवी झाक आली होती आणि प्रत्येकाच्या शेपटीवर दोनतीन पिसं वर वळून आकडा झाली होती. नर. पाचही. आणि ते सहावं साधंसुधं, करड्या ठिपक्यांचं, पंख फडफडवत तिच्या अंगावर ओरडत होतं.

"काय विहीणबाई," रतनबाई ओसरीवरून म्हणाली, "नर कोंचा?"

फुलाबाईच्या जिभेवर उत्तर तयार होतं. भोईणीनं फसवलं, म्हणायचं की झालं. बयाबाई काही इथं साक्षीला नव्हती. पण दाराच्या चौकटीत भामा उभी होती. नुसती बघत होती, आणि तिचे ओठ इतके घट्ट मिटलेले होते की फुलाबाईला ते बघवेना.

"म्या चुकले," फुलाबाई म्हणाली. "बयाबाई सांगत हुती. म्याच ऐकलं न्हाई."

रतनबाई भांडायच्या तयारीनं उभी होती. पदर खोचलेला होता. समोरून भांडणच न आल्यानं तिची पंचाईत झाली. "मंग मोरी?" तिनं जरा खालच्या आवाजात विचारलं.

"दिवाळी कुठं झालीय अजून?" फुलाबाई म्हणाली आणि लेकीला घेऊन पाण्याकडे निघाली.

काठावर दोघी उभ्या राहिल्या. मागून नरांची रांग आली आणि एकामागून एक पाण्यात उतरली.

"तुला कवा कळलं?"

"आखाडात," भामा म्हणाली. "मानंवर हिरवा रंग चढाया लागला तवा. आवाजावरनं तर बाजारातच वाटलं हुतं."

"मंग पंचमीला आलीस तवा सांगितलं का न्हाईस?"

भामानं पाण्याकडे पाहिलं. "तूच म्हणाली हुतीस की, तोंड उघडू नको. तुझ्याफुडंबी उघडायचं का न्हाई, ते कळंना मला." आणि मग एकदा उघडलं तसं तिला थांबवेना. "बयामावशीनं शिरावनात अंडी उबवाया ठिवली, कोंबड्यांखाली. समदी वांझ निघाली. तिच्याकडं ऱ्हायलेला नर लंगडा हाय, मादीवर तोल राखता येत न्हाई त्याला. पलीकडच्या काठावर तिचा दीर ऱ्हातो, भिमा, त्याच्याकडंबी तीच गत. दोघंबी चांगला नर धुंडत्यात. आन आपल्याकडं पाच, नुसतं खातंय. आपलं नर द्यायचं आन त्येंच्या माद्या घ्यायच्या, एवढंच हाय की गं. म्हैनाभर मनात घोळतंय माझ्या. पर आत्याबाई इचारत न्हाईत, आन तू म्हणलीस इचारल्याबिगर बोलू नको."

कोंबडीचं पोट हातानं ओळखणाऱ्या बाईला आपल्या पोटची पोर तीन महिने गुदमरतेय हे कळलं नव्हतं. वर ती त्याला वळण म्हणाली होती. तिला स्वतःचाच राग आला, आणि रागाच्या मागोमाग रडू. ते तिनं पदरात पुसून टाकलं.

"चल," ती म्हणाली. "नर टोपलीत घाल, बयाबाईकडं जाऊ. आन तूच बोल. म्या गप ऱ्हाते."

हे वचन पाळणं तिला मोरी देण्याइतकंच जड गेलं, पण पाळलं. बयाबाईनं टोपलीतले नर पाहिले, एकेक उचलून चाचपला, चालवला. तिचा चेहराच उजळला. "अक्का, तवा तुमाला हसू येत हुतं मला. पर निवड बघा. त्या समद्या पिल्लांत ह्येच पाच नर एक नंबर हुते. त्येच नेमकं तुमी उचललं आन मला लंगडा ठिवलात." फुलाबाईच्या जिवात जीव आला. डोळा खोटा नव्हता तर. फक्त कान नव्हता.

भामा सौदा करायला बसली. पाचपैकी दोन नर बयाबाईला, दोन भिमाला. सगळ्यांत देखणा एक आपल्याकडे. बदल्यात चार माद्या. "पर चारीबी माद्या भिमाभाऊंकडच्या," ती म्हणाली. "मावशी, तुमच्या माद्या म्हंजे ह्या नराच्या भैनी. एका खुराड्यातली जोडी लावली की पिल्लं किरकिरी निपजत्यात. आमच्याकडं हाय ती एक ऱ्हाऊ दे, तिची अंडी खायला. उबवायची न्हाईत."

"दिराचं आन माझं आमी बघून घिऊ," बयाबाई म्हणाली. "पर त्याला सांगाया कोन जातंय? होडी त्याच्याकडंच हाय."

भामा उठली. पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाक दिली. "भिमाभाऊऊ! होडी घिऊन या! अंड्यावरच्या माद्या आणा! नर मिळत्यात!"

फुगवट्यावरून ती हाक सरळ पलीकडे गेली. कपडे धुणाऱ्या बायांचे हात थांबले. एक कुत्रं भुंकलं. आपल्या ओसरीवरून रतनबाई उठून उभी राहिली. फुलाबाईच्या ओठांवर ते जुनं वाक्य आलं आणि तिनं ते गिळलं. पलीकडच्या झोपडीतून एक ठिपका बाहेर आला आणि त्यानं हात हलवला.

भिमानं दोन पाट्या भरून माद्या आणल्या. भामानं एकेक हातात घेतली आणि आधी ओरडू दिली. जी मोठ्यानं, खणखणीत ओरडली ती ठेवली. मग शेपटीखालच्या हाडांत बोटं घातली: जिथं तीन बोटं मावली ती अंड्यावर होती. मग पाण्यात सोडली आणि बाहेर आल्यावर पाहिलं, पाणी मोत्यासारखं घरंगळतंय की पिसं भिजून बसतायत. फुलाबाई हाताची घडी घालून बाजूला बसली होती. तिसऱ्या मादीचा एक डोळा किंचित धुरकट होता. तिला दिसला. ती हातातली बांगडी फिरवत राहिली.

भामानं मान वर केली. "आये, अशी काय बसलीस? तू बघ की. डोळं-पाय तुला चांगलं कळत्यात."

"ती तिसरी नगं," फुलाबाई इतक्या चटकन म्हणाली की बयाबाईला हसू फुटलं. मग मायलेकींनी मिळून निवडलं. एकीचा कान, एकीचा डोळा. संध्याकाळी घरी जाताना टोपलीत इतका कालवा होता की वाटेवरचे लोक दारात येऊन बघत होते. रतनबाईनं दारातच विचारलं, "ह्यो एवढा दंगा कशाचा?"

"अंड्यांचा, आत्याबाई," भामा म्हणाली. मान न हलवता, तोंडानं. "आन उद्यापास्नं सकाळी लौकर सोडायची न्हाईत ह्येस्नी. बदक पहाटंचं अंडं घालतं, पाण्यात सोडलं तर पाण्यातच पडतं."

रतनबाईनं सुनेकडे पाहिलं. तीन महिने ही पोर मुकी आहे की काय, असं तिला वाटत होतं. "आसं व्हय?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "आजून काय माहीत हाय तुला?"

त्यावर भामा काय काय बोलली ते ऐकायला फुलाबाई थांबली नाही. तिला डोंगर चढायचा होता.

दिवाळी आली. भाऊबीज झाल्यावर जावई-लेक यायचे होते. फुलाबाईनं अंगण सारवलं, मोरीला नवं दावं बांधलं आणि घरात-बाहेर करत राहिली. रखमाजी म्हणाला, "येतील की. बस जरा."

आणि तेवढ्यात खालच्या वळणावरून आवाज आला. माणसं अजून दिसत नव्हती. "आवं, टोपली हलवू नका! पेंढ्यात ठिवलीत म्हणून काय झालं! आत्याबाईनं मोजून दिलीत, म्हणाल्या, मोरीला तिथंच ऱ्हाऊ द्या म्हणावं! आन सांभाळून, फुडं दगड हाय!"

शेजारची बाई कुंपणापाशी आली. "अगं बया, भामा व्हय ती? केवढ्यानं बोलती गं. साऱ्या वाडीला ऐकाया जातंय."

फुलाबाई उंबऱ्यात उभी राहून वळणाकडे बघत होती.

"जाऊ दे," ती म्हणाली. "ऐकू दे."